दुधाच्या बाटलीतला युरोप

कांदिवलीकरांना आपलं दूध कुठून येतं हे विचारायची वेळ कधी आली नाही, कारण ते येताना दिसायचं. जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली अशी तबेल्यांची ओळच्या ओळ उपनगरांत होती. भल्या पहाटे भय्या सायकलला किटल्या अडकवून रतीब घालत फिरायचा. दुसरं दूध रुळांवरून जायचं. आणंदहून निघालेलं दूध सव्वाचारशे किलोमीटरचा प्रवास करून मुंबईत शिरताना बोरिवली, कांदिवली, मालाड ही स्टेशनं मागे टाकत पुढे सरकायचं.

तिसरी वाट कुणाला दिसत नसे, कारण ती गोदीतून सुरू व्हायची. युरोपातल्या गोठ्यांमधलं दूध तिकडेच वाळवून, त्याची भुकटी गोण्यांत आणि त्याचं वितळवलेलं लोणी पिंपांत भरून मुंबईच्या बंदरात उतरायचं. शहरातल्या सरकारी डेअरीत त्यात पाणी पडायचं, त्याचं पुन्हा दूध व्हायचं आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं बूच लावलेल्या बाटलीतून ते आरेच्या सरकारी दूध केंद्रावर पोचायचं. आकुर्ली रोडवर महिंद्राच्या पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराच्या चहात थोडा हॉलंड किंवा आयर्लंड मिसळलेला असायचा, त्याला पत्ताही नसायचा.

युरोपच्या दुधाचा हा मुंबईतला इतिहास सरळ खरेदी-विक्रीचा नाही. युरोपने कधी डबे विकले, कधी यंत्रं विकली, आणि जेव्हा खरोखर जहाजं भरभरून माल पाठवला तेव्हा तो फुकट दिला. तो फुकटचा माल इथे विकला भारत सरकारच्याच एका कंपनीने. युरोपच्या दुधाचा भारतातला सर्वांत मोठा आयातदार हीच कंपनी, आणि तिची स्थापना झाली होती देशाला आयातीची गरज उरू नये म्हणून.

सुरुवात डब्यांपासून झाली. उष्ण हवेत टिकेल असं दूध म्हणजे साखर घालून आटवलेलं, डब्यात बंद केलेलं कंडेन्स्ड मिल्क. नेस्लेचा भारताशी व्यापार १९१२ सालचा आहे. तेव्हाच्या कंपनीच्या लांबलचक नावातच ‘अँग्लो-स्विस कंडेन्स्ड मिल्क’ आणि ‘एक्स्पोर्ट’ हे शब्द होते. तयार माल बाहेरून आणायचा आणि भारतीय बाजारात विकायचा, एवढाच धंदा. मुंबईत १९२४ साली एच. जे. फॉस्टर नावाची कंपनी नोंदवली गेली, ती ग्लॅक्सो या बाळांच्या दुधाच्या भुकटीची एजंट म्हणून. पुढे याच कंपनीतून औषधांची ग्लॅक्सो लॅबोरेटरीज उभी राहिली आणि दुधाच्या डब्याशी असलेलं तिचं नातं लोक विसरून गेले. हे डबे कांदिवलीसाठी नव्हतेच. तेव्हाची कांदिवली म्हणजे भातखाचरं, गावठाणं आणि एक छोटं स्टेशन. डब्यांचं गिऱ्हाईक फोर्टात आणि मलबार हिलवर राहत होतं.

यंत्रांची कथा जास्त रंगतदार आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोन डॅनिश इंजिनिअर सिमेंटच्या कामासाठी भारतात आले आणि १९३८ साली त्यांनी मुंबईत भागीदारी सुरू केली. जागा इतकी अपुरी होती, की दोघांपैकी एकालाच एका वेळी तिथे बसता यायचं, असं सांगतात. पुढे धरणं, पूल आणि अणुभट्ट्यांचे भाग बनवणाऱ्या या लार्सन अँड टुब्रोचा पहिला धंदा होता डेन्मार्कहून दुग्धव्यवसायाची यंत्रं आणून इथे विकण्याचा. दोनच वर्षांत, एप्रिल १९४० मध्ये, जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये घुसल्या आणि माल यायचा थांबला. मग हे दोघे स्वतःच छोट्या कार्यशाळेत यंत्रं बनवू लागले. भारतातली एक बलाढ्य इंजिनिअरिंग कंपनी डॅनिश लोण्याच्या यंत्रांचा पुरवठा तुटल्यामुळे कारखानदारीत पडली, हे आजच्या पवईकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही.

त्याच युद्धाने मुंबईच्या दुधाचीही अब्रू काढली. शहर फुगलं होतं, गोरे शिपाई आले होते, आणि शहराच्या पोटातल्या तबेल्यांचं दूध कसं असतं हे त्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. मुंबईच्या दुधाचा नमुना लंडनला तपासायला पाठवला, तेव्हा लंडनच्या गटारातल्या पाण्यापेक्षा तो घाण निघाला, असा किस्सा पुढे अमूल उभारणारे व्हर्गिस कुरियन आपल्या आत्मचरित्रात सांगतात. किस्सा मीठमसाला लावलेला असेलही, पण त्यानंतर जे घडलं ते कागदोपत्री आहे. मुंबई सरकारने १९४५ साली ‘बॉम्बे मिल्क स्कीम’ काढली आणि खेडा जिल्ह्याचं दूध पाश्चराइझ करून मुंबईला पोचवायचा मक्ता पोल्सनला दिला. पेस्तनजी एडलजी दलाल या पारशी गृहस्थांची ही कंपनी. तिचं खारट लोणी मुंबईच्या इराण्यांत इतकं चालायचं, की कुणाची खुशामत करण्याला ‘पोल्सन लावणं’ म्हणायची पद्धत पडली.

या मक्त्याविरुद्ध खेड्याच्या शेतकऱ्यांनी दूध देणं बंद केलं. १४ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचा सहकारी संघ नोंदवला गेला. त्या संघाचं लोणी पुढे ‘अमूल’ नावाने प्रसिद्ध झालं. त्या गोष्टीवर पुष्कळ लिहिलं गेलंय, सिनेमाही निघालाय. मुंबईच्या बाजूचा माणूस मात्र मागे राहिला. त्याचं नाव दारा नसरवानजी खुरोडी, मुंबईचे मिल्क कमिशनर.

खुरोडींपुढचा प्रश्न तबेल्यांचा होता. गुजरातेतून, पंजाबाकडून चांगली दुभती म्हैस आगगाडीने मुंबईत यायची. तिचं पारडू जगवणं परवडत नसे. आटली, भाकड झाली, की पुन्हा गाभण राहीपर्यंत तिला शहरात पोसणंही परवडत नसे. मग ती कसायाकडे जायची आणि तिच्या जागी दुसरी यायची. शहर म्हशींची एकेक पिढी खात चाललं होतं. खुरोडींनी कांदिवलीपासून दुसऱ्याच स्टेशनावर, गोरेगावच्या पूर्वेला, सुमारे ३,१६० एकरांत आरे दूध वसाहत उभी केली. तिथे युनिट पाडून सुमारे १६ हजार जनावरं ठेवायची सोय केली. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंनी तिथे झाड लावलं. युनिटांचे ते नंबर आजही रिक्षावाल्याला सांगितले की तो बरोबर पोचवतो.

आरेपेक्षाही खुरोडींची दूरवर पोचलेली कल्पना म्हणजे टोन्ड दूध. तिचा हिशोब कुठल्याही गृहिणीला पटण्यासारखा आहे. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. एक लिटर दुधात जवळपास तेवढंच पाणी घातलं तर स्निग्धांश निम्म्यावर येतो, पण दूध पाणचट लागतं, कारण बाकीचे घटकही निम्मे होतात. ते भरून काढायला साय काढलेल्या दुधाची भुकटी घालायची. एकाचे दोन लिटर झाले, दूध पुरेसं दाट राहिलं आणि स्वस्तही पडलं. भय्याचं पाणी आणि सरकारचं पाणी यांत फरक एवढाच, की सरकार पाण्याबरोबर भुकटी घालत होतं आणि ते उघड सांगत होतं. पण ती भुकटी भारतात कुठे बनत नव्हती. ती जहाजाने यायची, न्यूझीलंडहून आणि इतर दूधसमृद्ध देशांतून. मुंबईच्या दुधात परदेशी गायीचा शिरकाव झाला तो असा, गरिबाला परवडणारं दूध देण्याच्या नादात.

आणंदच्या खेडा संघाला हे खुपत होतं. दूधधंद्यात वर्षाचे दोन भाग पडतात, पुष्ट काळ आणि कृश काळ. हिवाळ्यात जनावरं भरभरून दूध देतात, उन्हाळ्यात आटतात. हिवाळ्यात मुंबई म्हणे, आमची गरज भागली, तुमचं जादा दूध नको. आणि तीच मुंबई बाहेरची भुकटी मागवत होती. खेड्याच्या शेतकऱ्याने ते दूध कुठे ओतायचं? उत्तर सरळ होतं, आपणही भुकटी करावी. अडचण अशी, की म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असं जगभरच्या जाणकारांचं मत होतं. त्यांच्याकडे म्हशी नव्हत्या ही गोष्ट वेगळी. कुरियन यांचे सहकारी हरिचंद मेघा दलाया यांनी मुंबईत रंगाची फवारणी करायची बंदूक आणि हवा तापवायचं साधन एवढ्यावर म्हशीच्या दुधाची भुकटी पाडून दाखवली. ज्यांना ती दाखवायची होती त्यांत लार्सन अँड टुब्रोची माणसं होती, कारण निरो या डॅनिश कंपनीच्या भुकटीयंत्राचा मुंबईतला धंदा त्यांच्याकडे होता. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, सरदार पटेलांच्या जयंतीला, नेहरूंच्या हस्ते आणंदचा भुकटी कारखाना सुरू झाला. यंत्रसामग्रीला युनिसेफची मदत होती. डेन्मार्कचं यंत्र घेऊन युरोपची भुकटी अडवायची, असा हा डाव होता.

नेस्लेचा प्रसंग याच काळातला. कंडेन्स्ड मिल्क भारतात बनवण्याच्या परवान्यावर कंपनी भुकटी, साखर, अगदी डब्याचा पत्राही बाहेरून आणते, अशी सरकारची तक्रार होती. ती बोलायला १९५६ साली कुरियन स्वित्झर्लंडला गेले. कंडेन्स्ड मिल्क बनवण्याचं काम ‘नेटिव्ह’ लोकांवर सोपवता येणार नाही अशा अर्थाचं उत्तर मिळालं आणि आपण उठून आलो, असं ते लिहितात. अमूलने नंतर कंडेन्स्ड मिल्क काढलं आणि सरकारने आयात बंद केली. ही झाली एका पक्षाची साक्ष. पण निर्यातदाराला आपल्या गिऱ्हाईकाबद्दल काय वाटत होतं याची कल्पना तिच्यातून येते.

गंमत म्हणजे आयातीवरून एकमेकांशी न पटणारे खुरोडी आणि कुरियन, दोघांनाही १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही एकत्र. सोबत तिसरे त्रिभुवनदास पटेल.

तोवर युरोपात भलतंच घडत होतं. युरोपच्या सामायिक बाजारपेठेने आपल्या शेतकऱ्याला दुधाच्या भावाची हमी दिली होती. बाजारात उठाव नसला तर लोणी आणि भुकटी ठरलेल्या भावाने सरकार विकत घेणार. भाव पक्का म्हटल्यावर शेतकरी दूध वाढवणारच. साठच्या दशकाच्या शेवटी शीतगृहं लोण्याने भरली. वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं लोण्याचा डोंगर, आणि शेजारी दुधाचं तळं. युरोपचे शेती आयुक्त सिको मान्सहोल्ट यांनी १९६८ साली शेतं आणि गायी कमी करायची योजना मांडली, तेव्हा शेतकऱ्यांनी त्यांनाच धारेवर धरलं. लोणी साठवायला पैसे पडत होते, फेकून द्यायला लाज वाटत होती. उपाय एकच उरला, कुणाला तरी देऊन टाकायचं.

देऊन टाकायला भारताएवढा मोठा देश दुसरा कुठला? कुरियन यांना धोका दिसला. फुकट भुकटी शहरात स्वस्तात ओतली, की दुधाचा भाव पडणार आणि खेड्यातला शेतकरी म्हैस विकून मोकळा होणार. म्हणून त्यांनी उलट मागणी केली: माल फुकट द्या, आम्ही तो फुकट वाटणार नाही. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत युरोपने १ लाख २६ हजार टन साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑईल, म्हणजे पिंपांतलं ते वितळवलेलं लोणी, द्यायचं ठरलं. तो माल घेण्यासाठी फेब्रुवारी १९७० मध्ये बडोद्याला इंडियन डेअरी कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी निघाली. ही कंपनी माल ताब्यात घेणार आणि मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांच्या डेअऱ्यांना विकणार. भाव असा ठेवायचा, की परदेशी मालापासून बनवलेलं दूध गावाकडच्या दुधापेक्षा स्वस्त पडता कामा नये. येणारा पैसा गावोगावच्या संस्था, शीतकरण केंद्रं, टँकर आणि शहरांतल्या डेअऱ्या यांवर घालायचा. या पहिल्या टप्प्यात अशा विक्रीतून सुमारे ११६ कोटी रुपये उभे राहिले. योजनेचं नाव ऑपरेशन फ्लड, मराठीत दूध महापूर.

भुकटी आणि बटर ऑईल यांचे हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश आणि साडेआठ टक्के बाकीचे घटक लागतात. म्हणजे एक लिटरसाठी साधारण ८८ ग्रॅम भुकटी आणि ३० ग्रॅम बटर ऑईल, बाकी पाणी. १ लाख २६ हजार टन भुकटीचं या प्रमाणात सुमारे १४३ कोटी लिटर दूध होतं. ४२ हजार टन बटर ऑईल १४० कोटी लिटरला पुरतं. दोन्ही आकडे जवळजवळ तंतोतंत जुळतात. युरोपने हाताला येईल तो माल ढकलला असता तर हे जमलं नसतं. मागणारा किती लिटर दूध करायचं हे ठरवून बसला होता.

डेअरीत काम करणाऱ्यांसाठी हा सगळा प्रकार म्हणजे रोजची हमाली होती. गोण्या फोडायच्या, कोमट पाण्यात भुकटी विरघळवायची, पिंपातलं घट्ट झालेलं बटर ऑईल तापवून पातळ करायचं, दोन्ही एकजीव करायचं, पाश्चराइझ करायचं, थंड करून बाटल्यांत भरायचं. गावाकडून आलेलं ताजं दूध असेल तेवढं त्यात मिसळायचं. उन्हाळ्यात ताजं कमी, भुकटी जास्त. थंडीत उलट.

त्या बाटलीचा शेवटचा टप्पा घराघरांत ठरलेला होता. दूध केंद्रावर कार्ड लागायचं, आणि कार्ड मिळवायला वशिला. पहाटे रिकाम्या बाटल्यांचा खणखणाट करत घरातलं कुणीतरी, बहुधा शाळकरी पोर, रांगेत उभं राहायचं. केंद्राच्या खिडकीआड पुष्कळदा एखादा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी असायची, सकाळची नोकरी करून फी भरणारी. घरी दूध तापलं, की परीक्षा सुरू. साय जाड आली तर दूध चांगलं. पापुद्रा आला तर ‘आज पावडरचं दिलंय’. टोन्ड दुधाच्या सायीचं महिनाभर साठवूनही धड लोणी निघत नसे, कढवायला तूप कुठून येणार? म्हणून कांदिवली-मालाडकडच्या घरांनी दोन दुधं ठेवली. चहाला आरे, आणि विरजणाला, बाळाला, खरवसाला तबेल्याचं. आरे आल्यावर भय्याचा धंदा बसेल अशी अपेक्षा होती. तो बसला नाही. सरकारला जे वीस वर्षांत समजलं नाही ते सायीच्या जाडीवरून बायकांना पहिल्या आठवड्यात समजलं होतं.

ऐंशीच्या दशकात महापुराचा दुसरा टप्पा आला. युरोपने आणखी १ लाख ८६ हजार टन भुकटी आणि सुमारे ७६ हजार टन बटर ऑईल दिलं, जागतिक बँकेने कर्ज दिलं. त्याच दशकात, त्याच जागतिक बँकेच्या पैशाने कांदिवलीच्या चारकोपमध्ये म्हाडा खाडीकाठच्या जमिनीवर छोटे छोटे भूखंड पाडत होती. चारकोपच्या सेक्टरांत राहायला आलेल्या कुटुंबांचं घर आणि दूध, दोन्हींमागे वॉशिंग्टनचा एकच पत्ता होता. याच सुमारास बाटली जाऊन पिशवी आली. गोरेगावला हमरस्त्यालगत महाराष्ट्राच्या सहकारी महासंघाची महानंद डेअरी सुरू झाली आणि मुंबईच्या दुधात सरकारी आरेखेरीज एक सहकारी नाव रुळलं.

आणि तेव्हाच शंका घेणारे बोलू लागले. गोव्याचे क्लॉड अल्वारिस यांनी १९८३ साली मुंबईहून निघणाऱ्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’त या योजनेवर प्रखर लेख लिहिला. मथळ्यातच त्यांनी तिला पांढरं खोटं म्हटलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: महापुराचं श्रेय गावाकडच्या दुधाला दिलं जातं, पण शहरांच्या डेअऱ्या युरोपच्या भुकटीवर तरल्या आहेत. भेट थांबली की पूर ओसरेल. वाद इतका पेटला, की सरकारला एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. मागे वळून पाहता दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं सापडलं, असं म्हणावं लागेल. शहरं भुकटीवर फार काळ रेलून राहिली, हे अल्वारिस यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. पण भेट थांबली तेव्हा पूर ओसरला नाही. १९९६ साली योजना संपली आणि दोन वर्षांत भारत जगातला सर्वांत मोठा दूधउत्पादक झाला.

भेटीच्या मालाला सर्वांत मोठा धक्का बसला तो भलत्याच दिशेने. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. वाऱ्याबरोबर किरणोत्सारी धूळ पश्चिम युरोपवर पसरली, पावसाबरोबर कुरणांवर उतरली, गवतातून गायीत आणि गायीतून दुधात गेली. मलेशिया, फिलिपिन्स अशा देशांनी युरोपच्या दुग्धमालावर बोट ठेवायला सुरुवात केली. मुंबईत महापूर योजनेखाली आलेलं सुमारे २०० टन आयरिश लोणी होतं, आणि ते शहराच्या दूध योजनेत वापरलं जाणार होतं. मुंबईतल्या काही नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली: हे लोणी लोकांच्या पोटात जाऊ देऊ नका. उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डॉ. शिवराव शांताराम वागळे विरुद्ध भारत सरकार या नावाने ते १९८८च्या कायदेपुस्तकांत सापडतं.

सरकारचं म्हणणं होतं, की लोणी तपासलंय, किरणोत्सार ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत आहे. अर्जदारांचं उत्तर होतं, मर्यादेतला किरणोत्सार तरी आम्ही का खावा? लोणी तर आम्हाला भेट आलंय. न्यायमूर्तींनी हा प्रश्न स्वतः सोडवायला घेतला नाही. तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने माल खायला निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला आणि न्यायालयाने तो मानला. यात एक शास्त्रीय बारकावा आहे. चेर्नोबिलच्या धुळीतला मुख्य घटक सीझियम पाण्यात विरघळतो. लोणी काढताना तो बहुतेक सगळा ताकाबरोबर निघून जातो, लोण्यात फार थोडा राहतो. म्हणजे भीती बाळगायचीच तर ती लोण्याची कमी आणि भुकटीची जास्त बाळगायला हवी होती. पण कोर्टात उभं राहिलं ते लोणी. भुकटीचं दूध लोक रोजच पीत होते, आणि लोणी म्हटलं की डोळ्यांसमोर एक वस्तू येते, म्हणून असेल.

ज्या मुंबईने ट्रॉम्बेची अणुसंस्था उभी राहताना पाहिली, तिथे किरणोत्सारावरचा हा गाजलेला खटला निघाला तो लोण्यावरून.

१९८७ साली इंडियन डेअरी कॉर्पोरेशन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळात विलीन झाली. सर्वांत मोठा आयातदार आपलं काम संपवून नाहीसा झाला. युरोपनेही आपल्या शेतकऱ्यांवर १९८४ पासून दुधाचा कोटा बसवला होता, त्यामुळे डोंगर खचत गेला. पण भुकटी पुन्हा एकदा आली, यावेळी भेट म्हणून नव्हे. भारताने दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच झालेल्या गॅट करारात दुधाच्या भुकटीवर शून्य जकात कबूल करून ठेवली होती. आयातीवर परवान्यांचं कुलूप होतं तोवर त्या शून्याला काही अर्थ नव्हता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जागतिक व्यापार संघटनेमुळे कुलूप निघालं आणि तो जुना शून्य जिवंत झाला. युरोपचं सरकार निर्यातदाराला अनुदान देत होतं, भारताची जकात शून्य होती. महाराष्ट्रातल्या, गुजरातेतल्या संघांनी आरडाओरडा केला. २००० साली भारताने जिनिव्हात पुन्हा वाटाघाटी करून घेतल्या: वर्षाला १० हजार टन भुकटीपर्यंत १५ टक्के जकात, त्यापुढे ६० टक्के. तीस वर्षांपूर्वी याच भुकटीची लाखो टनांची मागणी नोंदवणाऱ्या देशाने आता तिच्यापुढे भिंत घातली.

भिंतीत दुसरा थरही आहे, तो जकातीपेक्षा चिवट. २००३ पासून भारत आयात दुग्धमालासोबत पशुवैद्यकीय दाखला मागतो: या जनावराला मांस, हाडं, रक्त किंवा प्राण्यांच्या अवयवांपासून केलेलं खाद्य कधीही दिलेलं नाही. चीजच्या बाबतीत वासराच्या पोटातल्या रेनेटचा, म्हणजे दूध साकळवणाऱ्या रसाचा, प्रश्न येतो. इटलीचं पार्मेजानो-रेजानो हे चीज तिकडच्या नियमानुसार वासराच्या रेनेटनेच बनवावं लागतं. शाकाहारी गिऱ्हाईकांचा मोठा हिस्सा असलेल्या कांदिवली-बोरिवलीत ते फ्रीजमध्ये ठेवणारा दुकानदार तसाही विरळाच. न्हावाशेवाला उतरणाऱ्या थंड कंटेनरांतून गौडा, एडाम, डॅनिश लोणी येतं. ते ३०-४० टक्के जकात भरून, आयातदाराचं नाव छापलेलं चिकटपत्र लावून ठाकूर कॉम्प्लेक्सच्या किंवा महावीर नगरच्या दुकानातल्या वरच्या फळीवर बसतं. खालच्या फळ्या अमूल, गोवर्धन, ब्रिटानियाच्या. पावभाजीच्या गाडीशी अर्थात वरच्या फळीचा काही संबंध नाही.

व्यापारी करारांच्या टेबलावरही दुधाचं पान भारत उलटू देत नाही. १० मार्च २०२४ रोजी स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनश्टाइन यांच्या गटाशी करार झाला. चॉकलेटची जकात उतरली, दूध बाहेर राहिलं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला. व्हिस्की आत आली, चेडर बाहेर.

अशा वेळी निर्यातदार काय करतो? तो कारखानाच विकत घेतो. फ्रान्सच्या लॅक्टालिसने २०१४ साली हैदराबादची तिरुमला डेअरी घेतली. २०१९ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा दुधाचा धंदा सुमारे १,७०० कोटी रुपयांना घेतला. प्रभातचा एक कारखाना नवी मुंबईत तुर्भ्याला होता, तोही त्यात आला. कंपनी युरोपची, गायी श्रीरामपूर-राहुरीच्या, दाखला लागत नाही, जकात लागत नाही. आणि आरेची योजना दशकानुदशकं रोडावत गेल्यावर, २०२४ साली महानंदचं व्यवस्थापन राज्याने राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हाती सोपवलं, म्हणजे एके काळी युरोपच्या गोण्या मोजून घेणाऱ्या कंपनीच्या वारसाच्या हाती. कांदिवलीच्या डेअरीवाल्याकडे पहाटे साडेचारला उतरणाऱ्या क्रेटांत आता गोकुळ, वारणा, अमूल, महानंद, कधी प्रभात. तबेल्याचं सुटं दूध अजूनही मापाने मिळतं, सगळ्यांपेक्षा महाग, आणि दसरा-दिवाळीला आधी सांगून ठेवावं लागतं.